मैत्रीपूर्ण लढत

२७ ऑगस्ट १९९५, रविवार

देवराम सकाळीच येऊन गेला. हा आमच्या पक्षाचा डोंबिवलीचा सेक्रेटरी. माझ्याहून बराच लहान, पण बोलतो असा की मीच कालची पोर. पालिकेची निवडणूक लागणार म्हणाला. इतकी वर्षं प्रशासकाच्या राज्यात काढल्यावर कल्याण-डोंबिवलीला पहिल्यांदा नगरसेवक मिळणार, आणि या वेळी डाव्यांची आघाडी होणार. म्हणजे आम्ही कुदळवाले आणि ते फावडेवाले एका मांडवात.

एकतीस वर्षांपूर्वी पक्ष एकच होता. फुटला तेव्हा कुदळ हे चिन्ह आमच्याकडे राहिलं, त्यांनी फावडं घेतलं. बाजारातली माणसं विचारतात, एकाने खणायचं, दुसऱ्याने माती ओढायची, मग तुमचं भांडण कशावरून? याचं चाळीस पानी उत्तर मला एके काळी पाठ होतं.

मानपाड्याचा प्रभाग बायकांसाठी राखीव झालाय, तिथून तुम्ही उभ्या राहा, असं देवरामचं म्हणणं. मी गुडघे दाखवले. तो म्हणाला, बघा बुवा, त्यांच्याकडून समन्वय समितीवर भागीरथीबाई येणार आहेत, आपल्याकडूनही कुणी जुनंजाणतं हवं. मी म्हटलं, पक्षाचा आदेशच असेल तर माझा नाइलाज आहे.

आतल्या खोलीत उत्तम खोकला. नवऱ्याचा खोकला कधी खरा असतो आणि कधी शेरा, हे संसारात कळायला लागतं.

३० ऑगस्ट, बुधवार

आज डाळ करपली. भागीचा विचार करत होते, खोटं कशाला लिहू.

भागी म्हणजे ही भागीरथी. मी चिपळूणकडची, घरी भांडून आलेली. ती मोठागावच्या खाडीकाठची, कोळ्याची लेक, पक्षापायी घरच्यांनी टाकलेली. रामनगरात एका खोलीत आम्ही दोघी चार वर्षं राहिलो. पहाटे कारखान्यांच्या गेटवर कलापथक घेऊन जायचो. ती डफ वाजवायची, मी गायची. परत आल्यावर ती पाट्यावर सुकट, लसूण आणि मिरची वाटायची. मी सुकटीला आधी नाक मुरडलं, मग बोटं चाटली. तो पाटा-वरवंटा आम्ही कल्याणच्या बाजारातून आणला होता, पाळीपाळीने डोक्यावर घेऊन. तेवढी एकच वस्तू दोघींच्या पैशाची होती.

मग ठाण्याला नौपाड्याच्या कचेरीत ठरावावर मतदान झालं. शेजारी बसलो होतो. मी हात वर केला, तिने केला नाही. पुढल्या आठवड्यात आमच्या पक्षाने पत्रक काढलं की पलीकडच्यांशी संबंध ठेवू नयेत. त्यांच्याही पक्षाने काढलं. आम्ही दोघी शिस्तीच्या. सामान वाटून घेतलं, आणि पाटा कुणाचा यावर गाडी अडली. शेवटी ती वरवंटा पदरात गुंडाळून निघून गेली आणि पाटा माझ्याकडे राहिला.

तो मी लग्नानंतर या घरी आणला. नुसत्या पाट्याचं करायचं काय, म्हणून न्हाणीत कपडे आपटायला घातला. दुसरा वरवंटा का नाही आणत, असं उत्तमने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मिक्सर आहे की. मिक्सर तेव्हा घरात यायचा होता.

एवढी वर्षं दोघी याच गावात. बाजारात समोरासमोर आलो तर ती मासळीकडे वळते, मी भाजीकडे. चार वर्षांपूर्वी तिकडे रशियात झेंडा उतरला, आमच्या कचेरीत माणसं रडली. मला मात्र वाटलं, आता हिच्याशी बोलायला काय हरकत आहे? पण गेले नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

आता समितीच्या निमित्ताने बोलावंच लागेल. ती एकदा माझ्या घरी यावी, एवढंच मला हवं आहे. नगरसेवकपद काय, मिळालं तर मिळालं.

हे वाक्य देवरामच्या दृष्टीस पडता कामा नये.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आघाडीची पहिली बैठक. तीच नौपाड्याची कचेरी, खाली डॉक्टरांचा दवाखाना, वर आमचा जुना हॉल. मी इस्त्रीची साडी नेसले होते. बैठकीला नीटनेटकं जावं, एवढ्यासाठीच.

आणि नेमका आजच गणपती दूध प्यायला लागला. स्टेशनपासून देवळापर्यंत माणसं पेले घेऊन रांगेत. निम्मे कॉम्रेड बैठकीला पोचलेच नाहीत. देवराम उशिरा आला, रिक्षा मिळेना म्हणाला. त्याच्या बाहीवर दुधाचा डाग होता. मी काही बोलले नाही, आघाडीची सुरुवात होती.

भागी वेळेवर आली होती. केस पांढरे झालेत, पण खोचलेला पदर तसाच. तिने हात जोडले आणि म्हणाली, "कॉम्रेड मंजुळाबाई, आपण कशा आहात?"

मी म्हटलं, ठीक. आपण?

एकेकाळी ही बाई मला "मंजुळे" म्हणून हाक मारायची. आता मी कुणाची मंजुळाताई, कुणाची मंजुळाकाकू. मंजुळे म्हणणारं माणूस जगात राहिलेलंच नाही. एक होतं, तेही आजपासून आपण-आपण करायला लागलं. मला फार वाईट वाटलं.

चहा तिने ओतला. सगळ्यांना साखरेचा आणि मला बिनसाखरेचा. घरी येऊन उत्तमला सांगितलं, बघ, एवढ्या लोकांत कसा अपमान करते. तो म्हणाला, "पण तू बिनसाखरेचाच पितेस ना? अगदी पूर्वीपासून?"

मी म्हटलं, तो मुद्दाच नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

जागावाटप. सगळे प्रभाग सुटले, मानपाड्यावर गाडी अडली. आमचं म्हणणं, तिथल्या कारखान्यांत आमची युनियन आहे. त्यांचं म्हणणं, गावठाणातली माणसं त्यांची आहेत. महिपत हा त्यांचा सेक्रेटरी. त्याला साधं पाणी हवं असलं तरी तो तीन मुद्द्यांत मागतो. त्याने जाहीर केलं की मानपाड्यातून त्यांच्या उमेदवार भागीरथीबाई. ती हल्ली भाच्याकडे मानपाड्यातच राहते. लग्न केलं नाही तिने.

सकाळचं भिजत घोंगडं संध्याकाळपर्यंत भिजलं आणि मग तोडगा निघाला, मैत्रीपूर्ण लढत. म्हणजे इतर सगळीकडे आघाडी, मानपाड्यात दोघांचेही उमेदवार. एकमेकांवर टीका करायची नाही, तिसऱ्यावर करायची आणि मतदारांनी दोघांतून एक निवडायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भागीने एवढंच विचारलं की मतं फुटली आणि तिसराच आला तर? मलाही हेच विचारायचं होतं. पण तिने विचारलं म्हटल्यावर मी गप्प बसले. आपल्या पक्षाने मान्य केलेल्या ठरावावर त्यांच्या सुरात सूर कसा मिळवणार? महिपत म्हणाला, शिस्त पाळली की काही होत नाही. यावर उत्तरच नसतं.

घरी उत्तम म्हणाला, "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना." मी विचारलं, कुणाबद्दल बोलतोयस? तो म्हणाला, पक्षांबद्दल.

१८ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज भरून झाले. प्रचार सुरू.

मानपाडा नाक्यावरची लांबलचक भिंत फावडेवाल्यांनी आधीच "राखीव" लिहून अडवून ठेवली होती. आज पाहिली तर अर्ध्याच भिंतीवर फावडं रंगवलंय, भागीरथीबाईंचं नाव घालून. उरलेली अर्धी चुना मारून कोरी ठेवली आहे. देवरामला वाटलं त्यांचा रंग संपला. त्याने लगेच रंगारी लावून तिथे आमची कुदळ आणि माझं नाव काढून घेतलं. कुणी हटकलं नाही म्हणाला. भागीरथीबाई समोरच्या दुकानात बसल्या होत्या, बघत होत्या, आणि वर रंगाऱ्याला त्यांनीच चहा पाठवला. त्यांची संघटना ढिली पडली आहे, असा देवरामचा निष्कर्ष. असेलही.

संध्याकाळी मी मुद्दाम त्या रस्त्याने आले. दोघींची नावं एका भिंतीवर, शेजारी शेजारी. बराच वेळ उभी राहिले. रिक्षावाला शेवटी म्हणाला, मावशी, यायचंय का?

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सूर्यग्रहण. ऐन दिवाळीत लोक दारं-खिडक्या लावून बसले. आघाडीचा जाहीर कार्यक्रम होता, ग्रहणात खाण्याचा. अंधश्रद्धेला विरोध म्हणून नाक्यावर टेबल मांडून दोन्ही उमेदवारांनी लोकांसमोर खायचं. लोक कुठले यायला? दोन कुत्री आणि बंदोबस्ताचा एक हवालदार. त्याला चिवडा दिला, तर तो घाबरून मागे सरकला.

उजेड पिवळट होत गेला. भागीने पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. कागदावर घालून माझ्यासमोर ठेवली. पहिला घास घेतला आणि मला पुढचं काही दिसेना. धूर गेला डोळ्यांत, असं म्हणणार होते, पण धूर नव्हता. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "चटणी मिक्सरची वाटते."

ती म्हणाली, "आमच्याकडे पाटा नाही." मग डब्याचं झाकण लावत, "आपल्याकडे आहे ना, कॉम्रेड?"

"आहे," मी म्हटलं. "न्हाणीत आहे."

निघताना माझ्याकडे न बघता म्हणाली, गुडघे कसे आहेत? पालिकेचे जिने फार आहेत, सवय करा.

आता हा टोमणा नाही तर काय? मी त्या जिन्यांपर्यंत पोचत नाही, असंच सुचवायचं असणार. आणि पाट्याचा उल्लेख म्हणजे जुन्या वाटणीची आठवण. अजून मनात ठेवलंय तिने.

मला ती भाकरी मात्र दिवसभर आठवत राहिली.

२९ ऑक्टोबर, रविवार

उद्या अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस.

आज प्रभागात फिरले. दोन डावे उभे म्हटल्यावर लोक हसतात. मतं फुटणार हे शेंबडं पोरही सांगेल. दोघींतली एकच राहिली तर जागा येते. आणि ती एक भागी असावी, असं मला वाटतं. ती चांगली बोलते, भांडते चांगली, गावठाणातली माणसं तिची आहेत.

हे झालं राजकारण. खरं कारण लिहिते, ही वही कुणी ठरावाला ठेवणार नाही. ती निवडून आली तर मी हार घेऊन तिच्या घरी जाऊ शकते. निवडून आलेल्या मित्रपक्षाच्या उमेदवाराचं अभिनंदन करायला जाणं शिस्तीत बसतं. दार ती उघडेल. मग पुढचं पुढे.

देवरामला सांगितलं तर तो अडवणार. भागीला सांगितलं तर ती म्हणणार, उपकार नकोत. तेव्हा कुणालाच सांगायचं नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कल्याणला जाऊन अर्ज मागे घेतला. सही करताना अधिकाऱ्याने विचारलं, नक्की ना? एकदा घेतला की परत होत नाही. मी म्हटलं, चांगलं आहे. परत येताना हलकं वाटत होतं. बाजारातून शेवंतीच्या हाराचा भाव विचारून आले, आगाऊ.

दुपारी देवराम आला. खुर्चीवर बसला आणि बोलेचना. मला वाटलं, कळलं याला. मी गुडघ्यांपासून सुरुवात केली. तो म्हणाला, तुमचं समजलं, ताई. पण त्यांनीही काढला.

कुणी?

भागीरथीबाईंनी. त्यांचा सूचक गोमाजी अगदी वेळ संपता संपता त्यांचं पत्र देऊन गेला. माझी नोटीस तिथेच फळ्यावर लावलेली होती म्हणे. पण गोमाजीने फळ्याकडे बघितलंच नाही. त्याला दुपारची मासळी गाठायची होती.

आता मानपाड्यात ना कुदळ, ना फावडं. भिंतीवर आहेत तेवढी.

देवराम गेल्यावर उत्तम म्हणाला, "आघाडीचा हा एकमताने झालेला पहिला निर्णय." त्याला हसू आवरेना. मग माझ्याकडे पाहून त्याने आवरलं. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. तिने का काढला असेल? माझ्यासमोर हरायची भीती? तिला? खाडीत होडी उलटली तेव्हा जी हसत पोहत आली होती, तिला?

मला काही समजत नाही. समजतंय असं वाटतं आणि मग भीती वाटते.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

नौपाड्याला दोघींची चौकशी. महिपतचं म्हणणं, हा कुदळवाल्यांचा डाव. देवरामचं म्हणणं, फावडेवाल्यांनी तिसऱ्याशी संधान बांधलं. मला आत बोलावून कारण विचारलं. मी सांगितलं, गुडघे दुखतात.

मग तिला बोलावलं. दार नीट लागत नाही त्या हॉलचं, पूर्वीही लागायचं नाही. आतून तिचा आवाज आला, "माझे गुडघे दुखतात."

महिपतने विचारलं, दोघींचे? एकाच दिवशी?

त्याआधी बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. बोललो नाही, चौकशी चालू असताना बोलायचं नसतं. तिने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला पाय लांब करता यावा म्हणून. त्या जागेत मी पाय लांब केला.

दोघींनाही सहा महिने निलंबन. आघाडी मोडल्याचं दोन्ही पक्षांनी वेगवेगळं जाहीर केलं.

११ नोव्हेंबर, शनिवार

नंदा भेटली, मानपाड्याच्या चाळीतली. तिच्या चाळीत नळाला पाणी येत नाही, टँकरमागे धावते बिचारी. म्हणाली, "ताई, आम्ही तुमच्या दोघींच्या भरवशावर होतो. आता कुणाला मत द्यायचं?"

मला तोंड वर करता आलं नाही. मी एका बाईला भेटायची वाट शोधत होते आणि या बायकांची वाट अडवून बसले. हेही खरं आहे आणि तेही.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज मतदान. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला बूथ नाही, यादी नाही, काही नाही. उत्तम मत द्यायला गेला. मी गेले नाही, कुणाला देणार? घरात बसून मेथी निवडत होते.

बेल वाजली. दारात भागी. काखेत कापडी पिशवी, वजनाने एका बाजूला ओढलेली.

ती म्हणाली, "काय गो मंजुळे, आत घेतेस का पत्रक बघून सांगतेस?"

मी बाजूला झाले. ती घर बघत बघत सरळ न्हाणीपर्यंत गेली आणि पाट्याकडे बघत उभी राहिली. कडेला साबणाचे पांढरे थर बसलेत त्याच्या. मला लाज वाटली. तिने पिशवीतून जुन्या लुगड्याची गुंडाळी काढली, ती सोडली. आतून वरवंटा निघाला. त्याची एक बाजू घासून चकचकीत झाली होती. भाच्याच्या घरी दाराला लावायचे म्हणाली, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. एकतीस वर्षं दुसरा पाटा घेतला नाहीस? असं मी विचारणार होते. पण मग तिने मला तेच विचारलं असतं.

दोघींनी मिळून पाटा स्वयंपाकघरात ओढत आणला. पुढे कुणी धरायचं यावर थोडं भांडणही झालं. तो घासून, धुवून पुसला, आणि मग आम्ही जमिनीवर बसलो. परत उठायचं कसं, हा प्रश्न दोघींनाही होता. तिचे गुडघे खरंच दुखतात.

मी विचारलं, "का काढलास अर्ज?"

"तू का काढलास?"

मी सांगितलं. हाराचंसुद्धा सांगितलं. ती खाली मान घालून पाट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मना वाटला, मंजुळी निवडून आली, तं पेढं द्यायला तरी मना घरी बोलवील."

आम्ही दोघी रडलो, आणि मग हसलो, आणि मला पुन्हा रडू आलं. यात लिहिण्यासारखं काही नाही. एवढी वर्षं फुकट गेली, असं मी म्हटलं. ती म्हणाली, फुकट कशी, मोर्चे काढले की. पलीकडून तुझा आवाज ऐकायची मी. गाणं जरा वरच्या पट्टीत घेतेस हल्ली.

मग मी नंदाचं सांगितलं. प्रभाग हातचा गेला, तो आपल्यामुळे गेला. ती म्हणाली, "गेला. आपल्यामुलंच गेला. पाण्याचा मोर्चा काढू, त्याला तिकीट लागत नाय."

"निलंबित आहोत. झेंडा कुणाचा घेणार?"

"हंडं घेऊ ना बायकांचं."

चटणी करायला बसलो तर वरवंटा घसरायला लागला. पाटा कपड्यांनी गुळगुळीत झालाय, मिरची वाटलीच जाईना, नुसती पळते. टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. भागीने विचारलं, टाकीवाली येते का या बाजूला?

मी म्हटलं, रोज येते, सकाळी.

हे खरं नाही. टाकीवालीला मी या गल्लीत कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

"मग उद्या सकाळी येते," भागी म्हणाली. उत्तम यायच्या आत निघाली, मोकळी पिशवी घडी करून काखेत मारली. वरवंटा नेला नाही.